लिव्हरपूलहून पत्र

तीर्थरूप बाबा व सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. वजन कमी झालेलं नाही, व्हिडिओ कॉलवर चेहरा ओढल्यासारखा दिसतो तो फोनमुळे. ड्युटीचं तुम्हाला ठाऊकच आहे.

बाबा, काकांनी माझा पबमधला फोटो दाखवल्यापासून तुम्ही तुटक बोलता, म्हणून सविस्तर लिहिते. इथे पबमध्ये क्विझ असते. लोक आपणहून, वर पैसे भरून, परीक्षेला बसतात! टेबलागणिक एक टीम, टीमला काहीतरी चावट नाव. एक जण माइकवर प्रश्न वाचतो, उत्तरं कागदावर लिहायची आणि कागद शेजारच्या टेबलाकडे तपासायला द्यायचा. कुणी मोबाइल काढला की सगळे ओरडतात. सत्तरीची माणसं अर्ध्या मार्कासाठी हमरीतुमरीवर येतात. मी लेमनेड पिते. फोटोतला ग्लास तोच. वॉर्डातल्या मैत्रिणींनी मला क्रिकेटच्या प्रश्नांसाठी टीममध्ये घेतलंय.

एक फेरी गाण्यांची असते आणि हे तर बीटल्स बँडचं गाव. तुम्ही म्हणता, ती सगळी नशेची गाणी. 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स'ची आद्याक्षरं जुळवून लोकांनी एलएसडी हे नशेचं नाव काढलं खरं, पण बीटल्समधला लेनन सांगत राहिला की मुलगा ज्युलियन बालवाडीतून वर्गातल्या लूसीचं चित्र घेऊन आला, त्यावरून ते सुचलं. उलट 'गॉट टू गेट यू इन्टू माय लाइफ' हे सगळ्यांना प्रेमगीत वाटतं, ते गांजावर आहे असं बँडमधल्याच मॅकार्टनीने खुद्द सांगितलंय. (हे आईला वाचून दाखवू नका.) नाथांच्या भारुडातला विंचू म्हणजे काम-क्रोध, हे तुम्ही उलगडून सांगेपर्यंत आम्ही पोरं नुसती 'चावला, चावला' करत नाचतच होतो की.

आई, हे तुझ्यासाठी. 'लेट इट बी'मधली मदर मेरी ऐकणाऱ्याला येशूची आई वाटते. ती मॅकार्टनीची स्वतःची आई, मेरी. नर्स होती, सुईणही, याच शहरात. 1956 मध्ये कॅन्सरने गेली तेव्हा तो 14 वर्षांचा. पुढे बीटल्सचं आपसात बिनसत चाललं होतं, तेव्हा ती त्याच्या स्वप्नात आली आणि सगळं ठीक होईल म्हणाली. आमच्या वॉर्डातले एक आजोबा रात्री ते गुणगुणतात. परवा फोनवर माझा आवाज बसलेला होता तो सर्दीने, उगाच काही मनात आणू नकोस.

'शी इज लीव्हिंग होम' हे घर सोडून गेलेल्या मुलीचं गाणं, 1967 मधल्या पेपरातल्या बातमीवरून लिहिलेलं. त्यात आईबाप म्हणतात, आम्ही हिला काय कमी केलं? मी तर तुम्हाला विचारून, तुम्हीच बांधून दिलेल्या बॅगा घेऊन आले. त्यामुळे ते आपल्याला लागू नाही.

पैसे पाठवलेत. आधी आईचा मोतीबिंदू, मग स्लॅबची गळती. उलटं करू नका. माझ्या कर्जाचा हप्ता मी इथून भरते, पेन्शनला हात लावायचा नाही. गणपतीला जमत नाहीये. तिकिटाचा प्रश्न नाही, रजाच नाही.

साताऱ्याचं स्थळ चांगलंच असेल, मी कुठे नाही म्हणते? पण त्यांना याच महिन्यात होकार हवा, तो मला देता येत नाही. तसं त्यांना स्पष्ट कळवा, आणि माझ्यासाठी धाकटीचं अडवून ठेवू नका. तिची तारीख दोन महिने आधी कळली तर मी रजा टाकते. हळदीला नाही जमलं तरी लग्नाला येतेच.

तुमची,
शुभांगी