तक्रार पत्र: मेडॉकची न झालेली भेट आणि बसच्या डिकीत शिजलेल्या दोन बाटल्या

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: जुलैमधील 'फ्रान्स रेड वाइन विशेष' सहलीबाबत तक्रार व भरपाईची मागणी

स. न. वि. वि.

आपल्या जुलैच्या फ्रान्स सहलीला मी आणि माझी पत्नी आलो होतो. परतल्यावर मी फोन केला तेव्हा आपल्या कार्यालयातून 'काका, लेखी द्या' असं उत्तर मिळालं, म्हणून लेखी देतो आहे. थोडं लांबेल. हॉटेल, विमान, जेवण यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पॅरिसमध्ये सकाळी साडेसहाला गरम पोहे मिळाले, त्याबद्दल आभारच आहेत. तक्रार वाइनची आहे, आणि सहलीच्या नावातच वाइन होती.

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. बाग थॉम्पसन या खायच्या द्राक्षाची, त्यात दोन एकर कॅबर्ने सॉव्हिन्याँ, म्हणजे रेड वाइनचं द्राक्ष, वायनरीसाठी. आपल्या मालाचं पुढे होतं काय, या कुतूहलापायी वाइन चाखायला लागलो आणि हळूहळू फ्रेंच रेडचा नाद लागला. मुंबईत मिळणारी, फ्रान्सच्या बोर्डो भागातली बरी बाटली एकट्याला झेपत नाही. आम्ही चार मित्र वर्गणी काढतो, दोन-तीन महिन्यांनी एक उघडतो आणि त्यावर रात्री उशिरापर्यंत वाद घालतो. एवढी माझी पात्रता.

आपल्या माहितीपत्रकात पाचव्या दिवसापुढे छापलं होतं: 'मेडॉक द्राक्षपट्टा. सँ-झुलियाँ येथे १८५५ च्या मानांकन यादीतील शातोला भेट, तळघर व टेस्टिंग.' मेडॉक हा बोर्डो शहराजवळचा रेड वाइनचा पट्टा, सँ-झुलियाँ हे त्यातलं गाव, आणि शातो म्हणजे स्वतःच्या बागेची वाइन करणारी मालमत्ता. ही यादी म्हणजे तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्डोच्या दलालांनी बाजारभाव पाहून लावलेली पाच पायऱ्यांची प्रतवारी. तिच्यात आजवर मोठा म्हणावा असा बदल एकच झाला, १९७३ साली शातो मूताँ-रोथशिल्डला दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर घेतलं तो. आमच्याकडे आंब्याच्या कुठल्याही पेटीवर देवगड लिहिलेलं असतं, त्यामुळे अशा जुन्या आणि घट्ट यादीचं मला अप्रूप आहे. आपल्या सहलीचे पैसे मी त्या एका ओळीसाठी भरले.

सँ-झुलियाँच का, तेही सांगतो. आमच्या प्रत्येकाच्या शेडमध्ये मोरचूद आणि चुना असतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. विळा बुडवून बघायचा, पात्यावर तांबूस चढलं तर चुना वाढवायचा. झालं बोर्डो मिश्रण. 'बोर्डो मारला का?' हा आमच्याकडे छाटणीनंतरचा रामराम आहे. अमेरिकेतून आलेल्या डावणीने, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगाने, फ्रान्सच्या बागांची पानं झडत होती, तेव्हा १८८२ साली बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे सँ-झुलियाँत फिरत होते. शातो द्यूक्रू-बोकायूच्या बागेत रस्त्याकडेच्या वेलींवर त्यांना पानं शाबूत दिसली. येणाऱ्याजाणाऱ्याने घड तोडू नयेत म्हणून तेवढ्याच ओळींवर मोरचूद-चुन्याचा निळसर लेप मारला होता. राखण करायची होती चोरापासून आणि झाली डावणीपासून. मिलार्दे यांनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. गेली तीस वर्षं मी जे फवारतो आहे, ते त्या रस्त्याच्या कडेला सापडलं. मला तिथे जरा वेळ उभं राहायचं होतं, आणि मग त्याच मातीतली वाइन प्यायची होती.

आपण आम्हाला तिथे नेलंत ते १४ जुलैला. हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिवस, सार्वजनिक सुट्टी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पिंपळगाव बाजार समितीत लिलाव दाखवायला न्यावं, तसं झालं. ठरवलेल्या शातोचं फाटक बंद होतं. आपल्या टूर मॅनेजरनी फाटकावरची बेल वाजवली, नंतर फोन लावला, आणि मग आम्हाला कळलं की आगाऊ वेळ घेतलेलीच नव्हती. मेडॉकमधल्या मोठ्या शातोंमध्ये आधी वेळ ठरवल्याशिवाय सहसा आत घेत नाहीत, हे मला नाशिकला बसून माहीत होतं.

त्याऐवजी सँ-झुलियाँच्या रस्त्याकडेला जी अवाढव्य बाटली उभी केली आहे, तिच्यापाशी बस थांबली. फोटोसाठी दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत मी एका बागेच्या कडेने चालून आलो. वेली जेमतेम कमरेएवढ्या. मीटरभर अंतर, हेक्टरी दहा हजारांच्या घरात झाडं. आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी साडेनऊशे बसतात. मणी अजून हिरवे, मटाराएवढे. आणि जमीन म्हणजे नुसते गोटे. 'बोकायू' या नावाचा अर्थच सुंदर गोटे. पाणी ठरत नाही म्हणून मुळं खाली जातात, आणि दिवसाची ऊब दगडात राहते म्हणून उशिरा पिकणारी कॅबर्ने तिथे पिकते. आमच्याकडे असली जमीन फुकट दिली तरी कोणी घेणार नाही. मी एक गोटा उचलून बघत होतो, तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

टेस्टिंग कुठे झालं? बोर्डो शहरात, चुंबक आणि टोप्या विकणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत. प्लास्टिकचे पेले, तीन वाइन, प्रत्येकी दोन घोट. त्याआधी बसमध्ये लसणाचा चिवडा वाटला होता. तो उत्तमच होता, पण त्यानंतर जिभेला काय कळणार? मी शातोबद्दल विचारलं तर टूर मॅनेजर म्हणाले, "काका, बघा ना, लेबलवर ग्राँ व्हँ द बोर्डो लिहिलंय, म्हणजे ग्रँडच आहे." 'बोर्डोची थोर वाइन' असा अर्थ असलेले ते शब्द कोणीही छापू शकतं. त्यांचा १८५५ च्या यादीशी संबंध नाही. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला कोणी शिकवलेलंच नव्हतं, आणि हा दोष आपला आहे.

फ्रान्सच्या दुसऱ्या वाइन भागाबद्दल, बर्गंडीबद्दल, थोडक्यात. क्लो द वूझो ही तिथली नामांकित बाग बसच्या खिडकीतून दिसली. एकेकाळी सिस्टर्शियन मठाची ही पन्नास हेक्टरची एकच बाग, भिंत अजून तीच, पण आत ऐंशीच्या आसपास मालक. वाटण्यांनी सातबारा कसा लांबतो ते आम्हाला नव्याने सांगायला नको, ते बघून माझ्या शेजारच्या सीटवरचे सांगलीचे गृहस्थ खूप हसले. आम्ही दोघांनी दुसऱ्या दिवशी पदरच्या पैशाने टॅक्सी केली आणि व्होन-रोमाने गावी जाऊन रोमाने-कोंती ही जगप्रसिद्ध बाग बघितली. साडेचार एकरांचा तुकडा, बाजूला दगडी क्रूस. भिंतीशी उभं राहायला तिकीट नाही. आपल्या बसला तिथे अर्धा तास थांबता आलं असतं.

आता मुख्य मुद्दा, बाटल्यांचा. भारतात येताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. बाटली पाऊण लिटरची, म्हणजे माझ्या दोन आणि पत्नीच्या नावावर दोन. ती स्वतः घेत नाही, पण कोटा देते. चारच बाटल्या आणायच्या म्हटल्यावर निवड किती विचार करून होते, हे आपल्या लक्षात यावं. १५ जुलैच्या सकाळी बोर्डोच्या एका चांगल्या दुकानातून मी शातो ताल्बो २०१६ च्या दोन बाटल्या घेतल्या, प्रत्येकी ७५ युरो. सँ-झुलियाँचीच, १८५५ च्या यादीत चौथ्या पायरीवरची. २०१६ हे तिथलं फार चांगलं साल. एक मित्रांसोबत उघडायची, दुसरी दहा वर्षं ठेवायची, असा बेत होता.

बसमध्ये चढताना 'काच वर चालत नाही' म्हणून दोन्ही बाटल्या डिकीत ठेवायला लावल्या. बर्गंडीतल्या बोन गावी पोचल्यावर रात्री मी त्या मागितल्या, तर ड्रायव्हर सक्तीच्या विश्रांतीवर आणि किल्ली त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी बस उघड्या पटांगणात उन्हात उभी. दुपारी औषधाच्या दुकानावरच्या हिरव्या क्रॉसवर ३८ अंश दिसत होते. बंद डिकीत किती असतील? मी दोनदा विनंती केली. उत्तर मिळालं, "काका, वाइन जेवढी जुनी तेवढी चांगली ना?" बाटल्या माझ्या हातात आल्या १७ तारखेच्या संध्याकाळी. त्याच संध्याकाळी बोनमध्ये मी व्होल्ने प्रीमिए क्रूच्या, म्हणजे जवळच्या व्होल्ने गावच्या वरच्या प्रतीच्या रेडच्या, दोन बाटल्या घेतल्या आणि त्या पॅरिसपर्यंत एसी बसमध्ये मांडीवर धरून आणल्या. त्या वेळी काच वर चालली, हेही नोंदवतो.

ऑगस्टमध्ये आम्ही चौघे बसलो. ताल्बोच्या वरची टोपी फिरेना, आतून चिकटली होती. कापली तर बूच दोन-तीन मिलिमीटर वर आलेलं आणि कडेला वाइनचा वाळलेला ओघळ. उष्णतेने वाइन फुगते, बूच ढकलते, वाट मिळेल तिथून झिरपते आणि निवताना हवा आत ओढते. पेल्यात रंग कडेला विटकरी. वास शिजवलेल्या जांभळाचा. चवीला बेदाणे भिजवलेलं पाणी, मागे नुसता तुरटपणा. बूच सडल्याचा दोष म्हणावा तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, तो नव्हता. त्याच बैठकीत मांडीवरून आलेली व्होल्ने उघडली. फिकट लाल, चेरीचा वास, स्वच्छ. चारही बाटल्या एकाच बॅगेतून, एकाच विमानातून आल्या होत्या. फरक फक्त आपल्या डिकीचा.

आपल्या कार्यालयाने फोनवर 'एजिंग ही नैसर्गिक प्रक्रिया आहे' असं सांगितलं. एजिंग बारा-चौदा अंशांच्या अंधाऱ्या तळघरात वर्षानुवर्षं होतं. दोन दिवसांत ३८ अंशांवर जे होतं, त्याला आमच्याकडे मुरंबा म्हणतात.

पुढच्या सहलीवर पाच हजारांची सूट देणारं आपलं कूपन मी परत पाठवत आहे. मला हवं आहे ते असं: दोन बाटल्यांचे १५० युरो, मेडॉकची भेट व टेस्टिंग यांसाठी आकारलेली दोघांची रक्कम, आणि ती भेट का झाली नाही याचा लेखी खुलासा. शिवाय त्या मोठ्या बाटलीपाशी काढलेला माझा फोटो आपण जाहिरातीत वापरत आहात, तो काढून टाकावा. त्यात मी हसतो आहे, पण तो हॉर्न वाजण्याआधीचा आहे. हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत उत्तर न आल्यास मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथे तक्रार करता येते. पावत्या, माहितीपत्रकाचं ते पान आणि बुचाचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
एक सहप्रवासी, ता. दिंडोरी, जि. नाशिक

ता. क. ताल्बोची दुसरी बाटली मी अजून उघडलेली नाही. तिचंही बूच वर आलं आहे. शंका असेल तर आपला माणूस पाठवा, त्याच्यासमोर उघडतो. पहिला घोट त्याने घ्यावा. येण्याआधी चिवडा खाऊ नये.