ईमेलवरील सहीचे प्रमाणपत्र

संपादक महोदय,

ईमेलमधील प्रेषकाच्या रकान्यात कोणाचेही नाव घालता येते, ही गोष्ट रोज मेल वाचणाऱ्या पुष्कळांच्या गावीही नसते. त्यावर एस-माइम ही डिजिटल स्वाक्षरीची पद्धत १९९० च्या दशकापासून उपलब्ध आहे, आणि थंडरबर्ड, आउटलुक, ॲपल मेल यांत तिची सोयही आहे. तरीही वैयक्तिक पत्रव्यवहारात ती क्वचितच दिसते.

अशा सहीसाठी एक डिजिटल प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते देणारी संस्था साध्या प्रकारात फक्त तो ईमेल पत्ता आपल्या ताब्यात आहे एवढेच तपासते. त्यामुळे मेलवरची खूण पत्त्याची खात्री देते, माणसाच्या सचोटीची नव्हे. शिवाय सही म्हणजे गुप्तता नव्हे. मजकूर वाटेत बदललेला नाही एवढे सहीमुळे कळते, पण तो कूटबद्ध करायचा तर समोरच्याचेही प्रमाणपत्र लागते.

खरी गफलत खासगी किल्लीच्या, म्हणजे सही करायला आणि आलेली कूटबद्ध पत्रे उघडायला लागणाऱ्या, फक्त आपल्याजवळ राहणाऱ्या गुप्त संकेताच्या बाबतीत होते. मी संगणक बदलताना जुन्यावरची किल्ली पासवर्ड घालून पी-ट्वेल्व्ह फाइलमध्ये (किल्ली व प्रमाणपत्र एकत्र साठवणाऱ्या फाइलमध्ये) काढून ठेवली नाही. नवे प्रमाणपत्र सहज मिळाले, सह्याही होऊ लागल्या. मात्र मला आलेली जुनी कूटबद्ध पत्रे आजतागायत उघडत नाहीत. म्हणूनच मुदत संपलेली किल्लीही पुसू नये.

सही केलेल्या मेलसोबत काही ठिकाणी ‘एसमाइम डॉट पी-सेव्हन-एस’ नावाची जोडफाइल दिसते. तीच सही असते. व्हायरस समजून मला उलट विचारणा करणारे स्नेही मात्र अजून कमी झालेले नाहीत.

आपला,
एक वाचक