कंपवाताची जनुकीय चाचणी करण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात एकाला कंपवात (पार्किन्सन्स) झाला की बाकीच्यांनी जनुकीय चाचणी करून घ्यावी, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. बहुतेक रुग्णांमध्ये हा आजार एकट्या जनुकामुळे होत नाही. सत्तरीत आजारी पडलेल्या वडिलांच्या धडधाकट मुलाने चाचणीवर पैसे घालून हाती फारसे काही लागत नाही. लक्षणे पन्नाशीच्या आत सुरू झाली असतील, सख्ख्या भावंडांनाही त्रास असेल किंवा आईवडिलांचे लग्न नात्यातले असेल, तर मात्र चाचणी जरूर करावी, आणि ती रुग्णाची आधी.

कंपवातात डोपामाइन (मेंदूतील निरोप पोहोचवणारे एक रसायन) ‘कमी होते’ एवढेच आपण ऐकतो. पण बिघाड जनुकागणिक वेगळ्या ठिकाणी असतो. मेंदूतील काही पेशी टायरोसिन या अमिनो आम्लापासून लेव्होडोपा (हेच कंपवाताचे औषध म्हणूनही देतात), त्यापासून डोपामाइन बनवतात आणि ते बारीक पिशव्यांत भरून ठेवतात. बाहेर राहिलेल्या डोपामाइनचे ऑक्सिडीकरण होऊन ते पेशीलाच बाधते. १९९७ मध्ये सापडलेल्या एसएनसीए जनुकातील बदलामुळे अल्फा-सिन्युक्लीन हे प्रथिन गोळा होऊन साचते आणि ही साठवण विस्कटते. या जनुकाची नुसती एखादी जादा प्रत असली तरी आजार होऊ शकतो. पार्किन आणि पिंक-१ ही जनुके निकामी मायटोकॉन्ड्रिया (पेशीतील ऊर्जा बनवणारे भाग) काढून टाकण्याच्या कामातली. ते काम थांबले की ऊर्जेची गरज मोठी असलेल्या याच पेशी आधी मरतात. एलआरआरके-२ या जनुकातील बदलामुळे त्याचे एन्झाइम उलट जास्तच चालते, पण हा बदल असूनही अनेकांना आयुष्यभर काही होत नाही.

आता प्रयोगशाळेचा प्रश्न. पार्किनमध्ये बऱ्याचदा अक्षर चुकलेले नसते, जनुकाचा अख्खा तुकडाच गळालेला किंवा दुप्पट झालेला असतो. पुस्तकाच्या दोन प्रतींपैकी एकीतली पाने फाडली, तरी दुसरीतून मजकूर पूर्ण वाचता येतो. जनुकाच्याही दोन प्रती असतात, म्हणून तसाच नुसत्या सीक्वेन्सिंगचा (जनुकाची अक्षरे ओळीने वाचण्याचा) अहवाल ‘दोष नाही’ असा येऊ शकतो. म्हणून ‘एमएलपीए किंवा तत्सम पद्धतीने तुकड्यांची गळती तपासता का?’ हे लेखी विचारावे. कंपवाताशी संबंध असलेल्या जीबीए जनुकाशेजारी तर त्याच्यासारखाच दिसणारा बिनकामाचा जुळा असतो, त्यामुळे वाचनात गफलत होते. तिथे खातरजमा केल्याशिवाय निकाल धरू नये.

पार्किनचा आजार दोन्ही प्रती बिघडल्यावर होतो. मामेबहीण-आतेभावाच्या लग्नात दोघेही एकेका सदोष प्रतीचे वाहक निघाले, तर प्रत्येक अपत्याला धोका चारात एक. अशा रुग्णांना लेव्होडोपाचा थोडा डोसही चांगला लागू पडतो, मात्र अंग आपोआप हलण्याचा त्रास लवकर सुरू होतो. डोस बेताने वाढवायला डॉक्टरांना अहवालाचा उपयोग होतो तो इथे.

निकाल काहीही येवो, लेव्होडोपा परस्पर बंद करू नये. आणि उलटीसाठी कोणी मेटोक्लोप्रमाइड लिहून देत असेल तर कंपवात आहे हे आधी सांगावे. ते औषध डोपामाइनचे रिसेप्टरच (डोपामाइनचा निरोप घेणाऱ्या पेशीवरील जागा) अडवते.

आपला,
एक मेंदूविकारतज्ज्ञ, पुणे