मंडळीच्या जुन्या नोंदवह्या वाचवायला हव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिरजेच्या वैद्यकीय परंपरेवरचा आपल्या दैनिकातला लेख वाचला, आवडलाही. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ साली आले, आधी सांगलीत दवाखाना चालवला आणि १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उघडले, हे नव्या पिढीला कळायलाच हवे. पण अशा प्रत्येक लेखात एक गोष्ट राहून जाते, तशी याही लेखात राहिली. त्या हॉस्पिटलाभोवती माणसांची एक मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा ख्रिस्ती समाज, उभी राहिली होती. कंपाउंडर, नर्सबाई, आया, शिक्षक, खेड्यापाड्यांत फिरून बायकांना बायबल सांगणाऱ्या बायबलबाई, अशी आपलीच मराठी माणसे. त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही.

ही मंडळी प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांतल्या एका पंथाची. पण आमच्या घरातली जुनी माणसे हा शब्द फारसा वापरत नसत. ती म्हणत, ‘आम्ही अमेरिकन मिशनची मंडळी.’ या मिशनची सुरुवात कोल्हापुरातली. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली तिथे आले, पुढे १८७० मध्ये अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन बोर्डाने ते काम हाती घेतले आणि १८८४ मध्ये सांगलीत मिशनचे ठाणे झाले. ‘प्रेस्बिटेरियन’ हे नाव इंग्रजी वाटले तरी त्याचा मूळ ग्रीक अर्थ आपल्या अगदी ओळखीचा आहे : वडील, म्हणजे वडीलधारा माणूस. या पद्धतीत बिशप, म्हणजे वरून नेमलेला धर्माधिकारी, नसतो. मंडळीचे सभासद आपल्यातून वडील निवडतात आणि वडील पाळकांसोबत (मंडळीच्या धर्मगुरूंसोबत) बसून कारभार पाहतात. गावच्या पंचायतीत ज्यांना लांब उभे केले जाई, अशा घरांतली माणसेही इथे वडील म्हणून निवडली गेली. तेही संस्थानी राजवटीत, जेव्हा सामान्य रयतेला मताचा अधिकार माहीतच नव्हता. मला हॉस्पिटलाइतकीच ही गोष्ट मोठी वाटते.

पुढची हकिकत थोडक्यात सांगते. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल (दुसरा एक प्रोटेस्टंट पंथ) मंडळ्या एकत्र येऊन उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक पंथांच्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. पाट्या बदलल्या. रविवारची उपासना मात्र पेटी-तबल्यावर आणि ना. वा. टिळकांच्या गीतांवरच चालू राहिली. (टिळकांनी अखेरची दोन वर्षे शेजारच्या साताऱ्यात काढली, याचा आम्हाला आजही अभिमान वाटतो.)

आता मुद्द्यावर येते. मिशनरींनी लिहिलेली पत्रे आणि अहवाल अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत नीट जपून ठेवलेले आहेत. अभ्यासक ते वाचतात आणि त्यातून इतिहास लिहितात. पण ते अहवाल तिकडच्या देणगीदारांसाठी लिहिलेले. त्यांत आमची माणसे बहुधा नावाविना येतात : एक मदतनीस, एक बायबलबाई, एक नर्स. त्यांची नावे आहेत ती इथल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्यांत, वडिलांच्या सभांच्या वृत्तांतात. आणि या वह्या कुठे आहेत? कपाटात, कुलपात, कधी एखाद्या वडिलांच्या घरी माळ्यावर.

काही वर्षांपूर्वी मुलाच्या कागदपत्रांसाठी मला अशी एक वही पाहायला मिळाली. पानांना कसर लागलेली, शिवण सुटलेली. कोणीतरी चांगल्या हेतूने फाटक्या पानांवर चिकटपट्टी लावली होती; तिचा डिंक पिवळा पडून खालची अक्षरेच गेली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने सांगलीची काय दैना केली ते आपण सगळ्यांनी पाहिले. नगर वाचनालयाचे हजारो ग्रंथ पाण्यात गेले. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कुठे तरी सापडते. हाताने लिहिलेल्या वहीची प्रत जगात एकच असते.

म्हणून सांगली, मिरज आणि आसपासच्या सर्व मंडळ्यांच्या पाळकांना आणि वडिलांना आपल्या पत्रातून हात जोडून विनंती करते. पानन् पान मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी तर नकोच. वह्या स्वच्छ सुती कापडात बांधून वरच्या मजल्यावर ठेवा. हयात माणसांच्या नोंदी उघड्या करू नयेत हे खरे, पण १९५० पूर्वीच्या नोंदी अभ्यासकांना दाखवायला काय हरकत आहे? वह्या कोणाच्या ताब्यात राहाव्यात यावर मतभेद असतील, तर असोत. फोटो काढल्याने कोणाचा ताबा जात नाही. शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाने दोन-चार विद्यार्थी पाठवले तर काम किती सोपे होईल! दफनभूमीतल्या जुन्या दगडांवरची अक्षरेही दर पावसाळ्यात पुसट होत आहेत, तीही याच फेरीत उतरवून घेता येतील.

मी निवृत्त शिक्षिका आहे. दर शनिवारी सकाळी दोन तास या कामाला द्यायची माझी तयारी आहे, जुनी अक्षरे मला वाचता येतात.

त्या दिवशी वही परत देताना सहज मागची पाने चाळली, तर माझ्या आजीची नोंद निघाली. ती मिशन हॉस्पिटलात आया होती. तारीख, गाव, वडिलांचे नाव, आणि शेवटच्या रकान्यात तिने स्वतः केलेली सही. आजीला लिहिता येत होते हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते.

आपली,
मंडळीची एक सभासद, मिरज