तक्रार: फिंचसाठी म्हणून विकलेला पिंजरा, ज्यातून फिंच बाहेर येतात

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनवरचा कॉल आत्ताच संपला. मी ठेवला नाही, तिकडूनच 'आपका दिन शुभ हो' म्हणून कापला गेला. म्हणून हे लेखी. बिल आणि फोटो पुन्हा जोडले आहेत.

मॉडेल तुमचंच आहे, वर्णन करत बसत नाही. तुमच्या पानावर 'फिंच आणि कॅनरीसाठी फ्लाइट केज, तारांमधलं अंतर १० मि.मी.' असं छापलंय. पुढच्या बाजूला ते बरोबर आहे. दोन्ही कडेच्या जाळ्यांना १५ आहे, आणि दाराच्या बिजागरीपाशी, उभी तार चौकटीला वेल्ड केलीय तिथे, चक्क १८. नवरा टूलरूममध्ये काम करतो, त्याने व्हर्नियर (मिलिमीटरचे भागही मोजणारं माप) लावून मोजलंय आणि आकडा वाचता येईल असे फोटो काढलेत. माझ्याकडे झेब्रा फिंच या छोट्या पक्ष्यांची जोडी आहे. एक पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत दहा-अकरा सेंटिमीटर, वजन बारा-पंधरा ग्रॅम. त्याला अर्ध्या इंचाच्या वर फट चालत नाही, हे कुठलाही पिंजरेवाला न विचारता सांगतो.

मग व्हायचं तेच झालं. नराने बिजागरीपाशी डोकं घातलं, खांदे तिरके केले आणि बाहेर. हॉलचा पंखा तेव्हा बंद होता, एवढंच नशीब. पडद्याच्या दांडीवर बसून ओरडत होता, आतून मादी ओरडत होती. सगळे दिवे घालवले, अंधारात हे पक्षी उडत नाहीत, मग मऊ फडक्याने धरून आत सोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच फटीतून. खिडकीला स्लायडिंग आहे आणि बाहेर ग्रिलवर कावळे कायम बसलेले असतात. पुढचं मी लिहायला नको.

आता आजचा कॉल. मराठीसाठी ३ दाबा म्हणाले, दाबला, बोलणं हिंदीतच झालं. मुंबईत राहतो, त्याचं काही नाही. प्रतिनिधींनी पहिला प्रश्न केला, पक्षी बाहेर कसा आला. म्हटलं, तारेतून. दार उघडं राहिलं असेल, म्हणाले. दाराला तुमचीच क्लिप होती आणि ती लागलेली होती. तुम्ही स्वतः बाहेर येताना पाहिलंत का? पाहिलं. बरं, वय काय? माझं की पक्ष्याचं, हे विचारायचं मी टाळलं. मग होल्डवर टाकलं. तुमची ती सतार मला आता पाठ झाली आहे. परत आले आणि म्हणाले, सीनियरशी बोलणं झालंय: 'मॅडम, आपके बर्ड्स थोडे पतले हैं. अच्छा खिलाइए. हेल्दी हो जाएँगे तो नहीं निकलेंगे.'

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच सांगितलं, जरा सावकाश, जणू मला समजायला वेळ लागतोय. हे लिहून द्याल का, म्हटलं. ते म्हणाले, लिहून देता येत नाही, पण कंपनीच्या सीड मिक्सवर दहा टक्के सवलतीचं कूपन पाठवतो. आणि पाठवलं! तक्रार क्रमांकाचा मेसेज अजून आलेला नाही, कूपन मात्र फोन ठेवायच्या आत हजर.

सीनियर साहेबांच्या माहितीसाठी: फिंच गुबगुबीत दिसतो ती पिसं असतात. डोकं निघालं की अंग निघतं. आणि पक्षी एका जागी बसून जाडे होऊ नयेत, त्यांना पंख पसरून उडता यावं, म्हणूनच लोक साधा पिंजरा सोडून फ्लाइट केजला दुप्पट पैसे मोजतात. तो खाऊन जाडा झाला की पिंजरा चालेल, असं तुमचं म्हणणं असेल तर तसं पानावर छापा.

माझ्या भावाकडे तुमचाच बजीचा, म्हणजे छोट्या पोपटाचा, पिंजरा कित्येक वर्षं आहे, चाळीतल्या खोलीत, अजून धड. त्याच्या भरवशावर तर मी तुमच्याकडे आले. परवा त्याच्याकडे गेले तेव्हा कडेची जाळी मोजली. १५ मि.मी. तीच तार, हुकाची भोकंही त्याच जागी. म्हणजे बजीच्या जाळ्या उरल्या होत्या, त्या फिंचच्या पिंजऱ्याला लावून नवं नाव दिलंत. नसेल तर तसं लेखी कळवा.

लांबीचंही तसंच. पानावर 'लांबी १२०' आहे. प्रत्यक्षात लांबी ७६ सें.मी. आणि १२० ही स्टँडसकट उंची. पोपटजातीचे पक्षी चोचीने तारा धरून वर चढतात, त्यांना उंची कामाची. फिंच या टोकाकडून त्या टोकाकडे सरळ उडतात, त्यांना लांबी हवी. तुमच्या माहितीपत्रकातल्या चित्रात मात्र सहाच्या सहा प्लास्टिकच्या काठ्या मधोमध जिन्यासारख्या लावल्यात, म्हणजे जे काय ७६ आहे तेही अडवून टाकलं. सगळ्या काठ्या एकाच जाडीच्या आणि गुळगुळीत. मी त्या काढून दोन्ही टोकांना पेरूच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या बसवल्या, मधली जागा मोकळी ठेवली, एका बाजूला चोच घासायला समुद्रफेस टांगला. त्या दिवसापासून दोघं जरा तरी उडायला लागली. हे काम तुमच्या डिझाइन विभागाचं होतं.

तुमच्या खोक्यावर 'यासाठी योग्य' म्हणून लाल मुनियाचा फोटो आहे. लाल मुनिया हा आपल्याकडचा रानपक्षी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो पाळता येत नाही, विकताही येत नाही. झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाचा, म्हणून तो घरात ठेवता येतो. पक्ष्यांचे पिंजरे विकणाऱ्या कंपनीला हे ग्राहकाने सांगावं?

तूर्तास मी नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून अर्धा इंची जाळी आणून दोन्ही कडांना आतून बांधली आहे. जाळी गॅल्वनाइज्ड आहे, पक्षी चोच मारतात आणि जस्त पोटात जाऊन विषबाधा होते, म्हणून आधी व्हिनेगर लावून ब्रशने घासली, धुतली, वाळवली. त्या जाळीचं बिलही जोडलंय. १८ मि.मी.ची फट तुमची, ती बुजवली मी.

मला हवंय ते इतकंच: १० मि.मी.च्या दोन कडेच्या जाळ्या, आधी पोचवा, मग जुन्या न्या. ते जमत नसेल तर पूर्ण पैसे परत, जाळीच्या खर्चासकट. पानावरची लांबी आणि अंतर दुरुस्त करा, नाहीतर 'फिंच' हा शब्द काढून टाका. आणि 'पक्षी बारीक आहेत' हे उत्तर कोणी दिलं, त्याचा लेखी खुलासा.

ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवं. पोचेच्या नावाने मला कूपन मिळालंय. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५वर नोंद करेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही लागत नाही. व्हर्नियर घरचाच आहे, तोही सोबत आणेन.

आपली ग्राहक,
मुलुंड पूर्व

ता. क. जाळ्या बदलायच्या तर आधी पिंजरा सुटा करून मूळ खोक्यात भरा, मगच विनंती नोंदवू, असं मागच्या कॉलला सांगितलं होतं. तोवर पक्षी कुठे ठेवू म्हटलं तर 'कहीं शिफ्ट कर दीजिए'. वन बीएचके आहे. पिंजरा सुटा होणार नाही. आणि न्यायला माणूस पाठवाल तर त्याला वजन खरं सांगा. मागच्या वेळी आलेला मुलगा स्कूटरवर आला होता, 'छोटा पार्सल' म्हणून. स्टँड बघून लिफ्टपाशीच थांबला आणि माझ्यादेखत तुमच्या ऑफिसला फोन लावला. त्यालाही होल्डवर टाकलं.