दोष काटेकोरपणाचा नव्हे, घाईचा

संपादक महोदय,

वेब प्रकाशनात एक्सएमएल, म्हणजे टॅग (कोनी कंसातल्या खुणा) लावून मजकुराची रचना नोंदवणारी भाषा, मागे पडले याचे खापर त्याच्या काटेकोरपणावर फोडणारा लेख आपल्या अंकात वाचला. हे निदान पटण्याजोगे नाही.

वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल १.० ची शिफारस केली. जॉन बोसाक यांच्या गटाने १९८६ च्या एसजीएमएल या टॅग-भाषांच्या अवजड मानकाला कात्री लावून ते घडवले. चुकीचा दस्तऐवज दिसला की पार्सरने (तो वाचून उलगडणाऱ्या प्रोग्रामने) तिथेच थांबावे, अंदाज बांधू नये, हा नियम मुद्दाम ठेवलेला आहे. एचटीएमएलमध्ये प्रत्येक ब्राउझर आपापल्या परीने चुका सावरून घेई आणि एकच पान दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिसे.

पार्सर अडतो त्याची कारणे बहुतेक वेळा अगदी साधी असतात. दुव्यातले दोन घटक जोडणारे & तसेच राहिले, तर पार्सर त्याला एंटिटीची (एखाद्या चिन्हाऐवजी लिहायच्या संकेताची) सुरुवात समजतो, पुढे अर्धविराम शोधतो आणि बरोबरचे चिन्ह (=) भेटताच थांबतो. एंटिटी आधीपासून ठाऊक असतात फक्त पाच; न तुटणारी मोकळी जागा त्यांत नाही, ती   अशी लिहावी लागते. एनकोडिंगची, म्हणजे अक्षरे कोणत्या बाइटांनी साठवायची या पद्धतीची, गफलत अधिक फसवी. विंडोज-१२५२ या एनकोडिंगमधली वळणदार अवतरणचिन्हे म्हणजे १४७ आणि १४८ क्रमांकाचे बाइट. फाइलच्या सुरुवातीला एनकोडिंगची घोषणा नसेल तर पार्सर यूटीएफ-८ हे एनकोडिंग गृहीत धरतो आणि या बाइटवर अडतो, हे बरेच म्हणायचे. घोषणेत आयएसओ-८८५९-१ हे दुसरे एनकोडिंग लिहिले, तर तेच बाइट नियंत्रण-चिन्हे म्हणून बिनबोभाट पुढे जातात आणि अवतरणाच्या जागी चौकोन नाहीतर काहीच दिसत नाही. घोषणा बदलल्याने बाइट बदलत नाहीत. फाइल खरोखर यूटीएफ-८ मध्ये रूपांतरित करूनच साठवली पाहिजे.

खरे नुकसान केले ते मसुद्यावरच साधने बाजारात आणण्याच्या घाईने. इंटरनेट एक्सप्लोरर ५ हा ब्राउझर मार्च १९९९ मध्ये आला तो डिसेंबर १९९८ च्या एक्सएसएल (एक्सएमएलला दाखवण्याजोगे रूप देणारी भाषा) मसुद्यावर बेतलेला. तिच्यातला रूपांतराचा भाग, एक्सएसएलटी १.०, पक्का झाला १६ नोव्हेंबर १९९९ रोजी, आणि तोवर नेमस्पेसच (भाषेची ओळख सांगणारा पत्ता) बदलली होती. ती एक ओळ सुधारूनही जुनी शैलीपत्रके (या भाषेत लिहिलेल्या फाइली) चालत नसत: एक्सप्लोररच्या बोलीत क्रमवारी हा लूपचा गुणधर्म होता, अंतिम मानकात तो स्वतंत्र एलिमेंट झाला. दोन्ही बोली सांभाळण्याऐवजी जेम्स क्लार्क यांच्या एक्सटीसारख्या साधनाने सर्व्हरवरच रूपांतर करून वाचकाला तयार एचटीएमएल देणे, हाच तेव्हा भरवशाचा मार्ग होता.

मोठ्या फाइली एक्सएमएलला झेपत नाहीत, हेही अर्धसत्य आहे. डॉम ही वाचनपद्धत दस्तऐवजाचे अख्खे झाड स्मृतीत उभारते, त्यामुळे फाइलच्या कितीतरी पट जागा लागते. मे १९९८ पासून उपलब्ध असलेली सॅक्स ही पद्धत मात्र मजकूर ओघाने वाचते आणि टॅग उघडला, मजकूर आला, टॅग मिटला असे कळवत जाते.

टॅगची नावे रोमन लिपीतच हवीत, हे लेखातले विधान तर साफ चुकीचे आहे. देवनागरी नावे पहिल्या आवृत्तीपासून चालतात. फक्त र्‍ लिहिताना येणारा अदृश्य जोडक नावात चालत नसे. २००८ च्या पाचव्या आवृत्तीने तीही अडचण दूर केली.

— एक वाचक