डिअरबॉर्नच्या खाला, तुमचे आभार

आदरणीय खाला,

तुम्हाला मी हे वाचून दाखवीनच. पण तुमच्याबद्दल आमच्या माणसांनाही कळावं, म्हणून मराठीत लिहितेय.

मिशिगनमधलं हे डिअरबॉर्न म्हणजे दुकानांच्या पाट्यासुद्धा अरबीत असलेलं गाव. इथे नर्स म्हणून काम करताना भाषेची अडचण येईल असं मला वाटलं नव्हतं. तरी त्या इराकी आजींची व्यथा कुणाला कळली नाही. आधीच्या दवाखान्यात फोनवरच्या दुभाष्यानं नैराश्य ओळखायच्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीचे नऊ प्रश्न बातम्या वाचाव्यात तसे भराभर वाचले. शेजारी मुलगा बसलेला. आजी प्रत्येक प्रश्नाला ‘अल्हम्दुलिल्लाह’, म्हणजे देवाची कृपा, म्हणाल्या; गुणांची बेरीज शून्य, फाइल बंद! छाती आवळते, हाडं दुखतात हे त्या जीव तोडून सांगत होत्या. हातात पडल्या नुसत्या वेदनाशामक गोळ्या. मला अजून राग येतो त्याचा.

मग आमच्याकडे आजींशी अरबीत बोलायला तुम्ही आलात आणि आधी मुलाला म्हणालात, "बाळा, गर्दी व्हायच्या आत आईची औषधं घेऊन ये बरं." ‘बाहेर थांब’ म्हणाला नाहीत. त्याचा मान राहिला. दार लागलं तशा आजींनी डोक्यावरचा रुमाल सैल केला, खुर्चीत मागे टेकल्या आणि पहिल्यांदा तुमच्याकडे नीट पाहिलं. खाला, या एका वाक्यासाठी मी तुमची ऋणी आहे. अरबी येणारे पुष्कळ भेटले. समोरच्याची लाज राखून बोलणाऱ्या तुम्हीच.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो एकदम विचारला की देवाची क्षमा मागून माणसं गप्प होतात. तुम्ही आधी विचारलंत, "देवानं आता न्यावं असं वाटतं का?" आजी कितीतरी वेळ बोलत राहिल्या. मग तुम्ही फॉर्मवरचा प्रश्न जसाच्या तसा विचारलात. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली की काळजी करायची असते. त्या दिवशी बेरीज १९ आली. आता उपचार चालू आहेत, रात्री झोप लागते.

आमचा अरबी फॉर्मही तुम्हीच सुधारलात. अरबी उजवीकडून वाचतात आणि रकाने मात्र इंग्रजीसारखे डावीकडून, हे इतक्या शिकलेल्यांत कुणाला दिसलं नव्हतं! सिएटलमध्ये निर्वासितांच्या मनाचा त्रास ओळखण्यासाठी केलेली आरएचएस-१५ ही प्रश्नावली स्नायू, हाडं, सांधे यांच्या दुखण्यापासून सुरू होते, ती तुम्हाला लगेच पटली.

या कामाचे तुम्हाला वेगळे पैसे मिळाले नाहीत. ते मिळावेत आणि फॉर्मवर तुमचं नाव यावं, असं मी वरिष्ठांना लेखी कळवलंय. उत्तर येईपर्यंत विचारत राहीन.

तुमची,
दवाखान्यातली मराठी नर्स